ओला ब्रश

ओला होता. दांड्यावर ससा असलेला, केस दोन्ही बाजूंना पार विस्कटलेला लहान मुलाचा ब्रश... तिनं त्यावरून बोट फिरवलं तर पाण्याचा थेंब नखाखाली शिरला आणि तिचा जीव भांड्यात पडला. मागच्या खेपेला हाच ब्रश वाळून कडक झाला होता. म्हणजे आता कोणीतरी या मुलीला सकाळी हलवून उठवतं, बेसिनपाशी उभं करतं, दात घास म्हणून मागे लागतं. म्हणजे या घरात सकाळ होते. एवढंच तर बघायला आली होती ती.

कुणाच्याही घरी गेलं की हात धुवायचं निमित्त काढून आत जायचं आणि मुलांचे ब्रश चाचपायचे, ही तिची स्वतःची युक्ती, कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेली नव्हे. ताई येणार म्हटलं की लोक चादरी बदलतात, मुलांचे केस तेल लावून चप्प बसवतात, शेजारून चांगली खुर्ची मागून आणतात. ब्रशची आठवण मात्र कोणालाच राहत नाही. बालकल्याण खात्यात नव्यानं लागलेल्या मुलींना ती हे कानात मंत्र दिल्यासारखं सांगायची, आणि सांगताना जरा भावही खायची.

नळ बंद करताना तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. ऊन तिरपं होऊन थेट बेसिनवर पडलं होतं. दुपार केव्हाच कलली होती... सकाळी वापरलेला ब्रश इतक्या उशिरापर्यंत, असल्या उन्हात, थेंब गळेल इतका ओला? तिनं शेजारच्या मोठ्या ब्रशला, बापाच्या, हात लावला. तो खडखडीत होता.

या मुलीला शाळेत मुंगी म्हणत, कारण ती वर्गात सगळ्यात लहानखुरी आणि सतत काहीतरी उचल, ठेव, आवर असं चाललेलं. पण हल्ली मुंगी दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकायची ती मधल्या सुट्टीपर्यंत. गेल्या महिन्यात मनगटावर भाजल्याचा डाग घेऊन आली. रात्री भूक लागली म्हणून एकटीनंच शेगडी पेटवली होती. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. बाप पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला, बाहेरून कडी घालून जायचा. मग खात्यानं एकच अट घातली: बापानं दिवसपाळी घ्यावी, नाहीतर मुलीनं दूरगावच्या आत्याकडे जावं, जिला मुंगीनं आईच्या दिवसकार्याला एकदाच पाहिलेलं. बापानं कळवलं की पाळी बदलली. ते खरं की खोटं, हे उद्याच्या बैठकीत या ताईनं सांगायचं आणि हिचाच शब्द धरला जाणार. कारखान्यात फोन करणं सोपं होतं, पण खात्यातल्या कोणीतरी पूर्वी असा फोन केला आणि त्या बापाची नोकरीच गेली; तेव्हापासून मालकाला विचारायचं नाही हा नियम.

“ताई, तुम्ही एकदाचं काय ते ठरवा,” सकाळीच वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या. “पोर अशी गाढ झोपते हो, उठवायला मन होत नाही माझं.”

“तुमचं मन होत नाही आणि उद्या काही झालं म्हणजे शाळेच्या गळ्यात,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. दोघींचंही बरोबर होतं. हिच्या कामात हाच वैताग, सगळ्यांचंच बरोबर असतं आणि तरी एक मूल एका खोलीत रात्रभर जागं असतं.

ती हात पुसत बाहेर आली. बाप खाटेच्या कडेवर बसला होता, अंगात घडी मोडलेला स्वच्छ शर्ट, केस ओले, डोळे मात्र लालबुंद. उशीला डोक्याचा खळगा तसाच होता. झोपेतून उठून बसलेला माणूस... की कामावरून लवकर येऊन पाठ टेकलेला?

“दिवसपाळी मिळाली, ताई. साहेबांच्या हातापाया पडलो.”

“मग आज घरी कसे?”

“तुम्ही येणार म्हणून रजा टाकली ना.”

पटण्यासारखं होतं. खोटं बोलायचं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

“रात्री बाबा असतात,” मुंगी कोणी न विचारता म्हणाली. ती खिडकीच्या कट्ट्यावर पाय हलवत बसली होती. “आणि घोरतात! इतके घोरतात की मला झोपच येत नाही. मग मी शाळेत झोपते.”

बाप खो खो हसला, मग लाजला. ताईही हसली. हसता हसता तिला वाटलं, हे खरं असेल तर सगळं प्रकरण म्हणजे एका माणसाचं घोरणं. आणि पाठ केलेलं असेल तर केवढी हुशार पोर ही. तिनं बापाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, वर्षानुवर्षं माणसांची तोंडं वाचून पोट भरणारी बाई ती, आणि त्या तोंडावर तिला दमणुकीपलीकडे काही म्हणता काही दिसेना.

बाप चहाला दूध आणायला खाली गेला. मुंगी कट्ट्यावरून उतरली, हिच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली, आणि गुपित विचारावं तशा आवाजात म्हणाली,

“ब्रश बघितलात?”

“कुठला गं?”

“माझा. मागच्या वेळी तुम्ही हात लावलात ना त्याला? दार थोडंसं उघडं होतं.” मग थांबून, “आज ओला होता ना?”

विचारायला हवं होतं: खरंच घासलेस दात, की नुसता नळाखाली धरलास? बाबांनी सांगितलं की तुझं तुलाच सुचलं? रात्री खरंच कोण असतं गं इथं? प्रश्न जिभेवर रांगेनं उभे होते. मुंगी वर बघत होती, ओठ घट्ट मिटून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभी असल्यासारखी.

“हो,” ती म्हणाली. “ओला होता.”

“मग आता आत्याकडे नाही ना जायचं?”

तिनं मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. “शहाणी गं माझी बाई,” असं तिच्या तोंडून गेलं, आणि जिन्यात बापाची पावलं वाजली.

आता ती बसथांब्यावर उभी होती आणि चहाची चव तोंडात राहिली होती. नीट विचार कर, ती स्वतःला म्हणाली, एकेक धागा घे. बापाचा ब्रश कोरडा, म्हणजे त्याला या युक्तीचा पत्ता नाही; म्हणजे हे मुंगीचं एकटीचं. मुलगी बापाला झाकतेय, म्हणजे झाकण्यासारखं काही आहे. पण घाबरलेलं मूल खऱ्यालाही ठिगळ लावतंच की. बाप रोज रात्री शेजारी घोरत असता तरी तिनं ब्रश ओला केलाच असता, कारण तिला ताईंची मेख कळली होती. ती मीच नाही का शिकवली तिला? दार किंचित उघडं ठेवून... डोळ्यांत तेल घालून बघणारी मी, आणि माझ्याकडे कोणी बघत असेल हे माझ्या गावीही नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं.

आणि ब्रश ओला केलास तर केलास, मग मला सांगितलंस कशाला? गुपचूप राहिली असतीस तर मी फसले असते. सांगितलंस म्हणजे कौतुक हवं होतं, की...

शहाणी गं माझी बाई. हे शब्द तिचे नव्हते. मामाचे होते, तिच्या लहानपणीचे.

आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, किती महिने कोण जाणे. बाबा दूर कामाला. मामा अधूनमधून यायचा, आणि घरात म्हणायचे, असंच चाललं तर पोरीला मामाकडे ठेवा. तो येणार कळलं की मी आईला उठवून बसवायची, पाठीशी उशी, केस विंचरून, तोंड ओल्या फडक्यानं पुसून. आईचं अंग जड, मान एका बाजूला जायची. मग मोठं पातेलं शेगडीवर चढवायचं आणि वर झाकण. आत नुसतं पाणी. पाणी उकळलं की झाकण वाजायचं आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, स्वयंपाक चाललाय. मामा खूश व्हायचा. निघताना चपला घालत म्हणायचा, शहाणी गं माझी बाई. मी दार लावून घ्यायची आणि आनंदानं उड्या मारायची... मारायची का? की शेगडी बंद करून तिथंच फरशीवर बसून राहायची? दोन्ही आठवतं.

आई पुढे उठली. बरी झाली, माणसांत आली, आणि सगळे म्हणाले, मुलगी गुणाची म्हणून घर टिकलं. टिकलं हे खरंच. पण त्या महिन्यांत पोटात काय असायचं, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बस आली, थांबली, दोन बायका उतरल्या. ती चढली नाही, कारण तेवढ्यात तिला झाकण आठवलं.

एकदा मामा पाणी प्यायला म्हणून आत गेला होता. तो गेल्यावर मी शेगडी बंद करायला गेले तर झाकण पातेल्यावर नव्हतं. बाजूला ओट्यावर उलटं ठेवलेलं होतं, आतल्या बाजूला थेंब थेंब. मी ते उचलून पुन्हा पातेल्यावर ठेवलं होतं. हे इतकी वर्षं कुठं होतं? मामानं झाकण उघडलं होतं. आत नुसतं पाणी बघितलं होतं. आणि मग बाहेर येऊन, चपला घालून...

तो फसलाच नव्हता.

पर्समध्ये फोन वाजायला लागला. खात्यातल्या वरिष्ठ बाई, उद्याच्या बैठकीसाठी.

“काय दिसलं गं?”

“चांगलं दिसलं,” ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

“बरं झालं बाई. मग राहू दे बापाकडेच, असं लिहू?”

मामानं दया केली की हात झटकले? मला माझ्या आईपाशी राहू दिलं, की एवढी मोठी जबाबदारी नको म्हणून पळाला? तिला त्याचा राग आला, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि राग येता येताच त्याच्या जागी ती स्वतःच उभी दिसली, मुंगीच्या डोक्यावर हात ठेवून. त्यालाही असंच झालं असेल का, प्रश्न जिभेवर, आणि समोर एवढीशी पोर ओठ मिटून? मला त्यानं फसायला हवं होतं. मला त्यानं एकदा तरी विचारायला हवं होतं. दोन्ही एकाच वेळी कसं हवं असू शकतं एका मुलीला?

“ऐकतेयस ना? लिहू का?”

“थांबा,” ती म्हणाली. “अजून काही लिहू नका.”

“का गं, काय राहिलंय?”

रस्त्यापलीकडे ती मघाशी उतरून आली तो जिना दिसत होता, वरची खिडकी दिसत होती, कट्ट्यावर कोणी बसलंय की नाही ते मात्र कळत नव्हतं. परत जाऊन मुंगीला विचारावं, तर तिच्या पायाखालची फरशी आपणच काढायची. न विचारता जावं, तर... थांबा हे आपण मुंगीसाठी म्हणालो, की शेगडीपाशी उभ्या असलेल्या, झाकणाकडे बघणाऱ्या त्या दुसऱ्या मुलीसाठी, हे तिला ठरवता येईना. फोन कानाशी तसाच होता. तिनं अंगठा बोटावर घासून पाहिला. बोट केव्हाच कोरडं झालं होतं, आणि तरी नखाखाली ओल आहे असं तिला वाटत राहिलं.