सहीचा संपादक

"आज दुसऱ्या कुणाची तरी सही घ्या की, कॉम्रेड," तेरेन्ती म्हणाला. टोपी त्याच्या हातातच होती. "बायको आता एकदोन दिवसांची सोबती आहे. पाद्रीबाबा येऊन मरणाआधीचं तेल लावून गेले."

ग्लेबनं चष्मा काढून पुसला. पुढ्यात उद्याचा अंक जुळून तयार होता. पीटर्सबुर्गमधलं पक्षाचं हे वर्तमानपत्र झारच्या सरकारनं तीनदा बंद पाडलं आणि तीनदा ते नाव बदलून पुन्हा निघालं. लिहिणारे ग्लेबसारखे, पण कायद्याला एक जबाबदार संपादक लागे, आणि अंक जप्त झाला की तुरुंगात तोच जाई. लिहिणारेच आत गेले तर लिहायचं कुणी? म्हणून तेरेन्ती. धूर गिळून छाती गेलेला जुना भट्टीवाला. अक्षरओळख सहीपुरती. तीनदा आत बसून आला होता.

"दुसरं नाव नोंदवायला आठवडा जाईल," ग्लेब म्हणाला. "पण तुम्ही नाही म्हणालात तर अंक थांबवतो. खरंच थांबवतो."

"आहे तरी काय त्यात?"

"दारूगोळ्याच्या कारखान्यात स्फोट झाला. अकरा मेले. मालक म्हणतात, कुणीच मेलं नाही. परस्पर पुरून टाकले. आम्ही नावं मिळवलीत."

"प्रार्थनेशिवाय पुरले?"

"हो."

"वाचा बघू नावं."

देवाला न मानणारा ग्लेब भराभर वाचू लागला.

"असं नव्हे. सावकाश."

तेरेन्तीनं डोळे मिटून घेतले. चर्चमध्ये मेलेल्यांची नावं गाऊन घेत, तेव्हा तो असाच ऐके. वाचता येत नाही त्याला देव कान तरी देतो. त्यानं ग्लेबकडून नावं पुन्हा एकदा वाचून घेतली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओळखीचा पोलीस शिपाई कोन्द्रात थेट तेरेन्तीच्या घरी आला.

"काय संपादकमहाशय, चौथी खेप!" म्हणत तो दारात आला, आणि खाट दिसताच वरमला. "मावशी, मला ठाऊक नव्हतं हो. पाच मिनिटं घ्या. खाली गाडी उभी आहे."

"निघालास वाटतं सासुरवाडीला?" येफ्रोसिन्या नवऱ्याला म्हणाली. आवाज नुसता श्वासासारखा. "या खेपेला कशापायी?"

त्यानं सांगितलं. तिनं मान त्याच्याकडे वळवली.

"नावं येतात तुला?"

"येतात."

"मग म्हण की. तिष्ठत असतील बिचारे."

तेरेन्तीनं घोगऱ्या आवाजात सूर धरला. "प्रभो, तुझ्या सेवकांना विसावा दे. येव्स्तिग्नेयला, प्राक्सोव्याला, लुक्यानला…" एकेका नावाला ती पांघरुणावर बोटानं क्रूस काढी. याच नावांचा अंक जप्त केल्याचा हुकूम कोन्द्रातच्या खिशात होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

अकरा नावं झाली.

"आता माझं घे."

"खुळी का काय! जित्या माणसाचं नाव यात घेत नाहीत. अपशकुन असतो."

"मी जाईन तेव्हा तू आत असशील. मग कोण घेणार?"

पाच मिनिटं केव्हाच सरली होती. खालून गाडीवानानं दोनदा हाक मारली. कोन्द्रातनं ओ दिली नाही. तेरेन्तीनं तिच्या कपाळावरची बट मागे सारली, ताठ उभा राहिला आणि पुन्हा सूर लावला. "प्रभो, तुझ्या सेविकेला विसावा दे…" नावाशी येऊन तो थांबला.

"येफ्रोसिन्याला," कोन्द्रात जमिनीकडे बघत हळूच म्हणाला.

तिनं पांघरुणावर क्रूस काढला आणि भिंतीकडे तोंड केलं.