बंद पडणं म्हणजे काय

ज्ञानदेव वाहणेचं नाव आजवर एकाही रिपोर्टच्या पहिल्या पानावर आलं नव्हतं. कंपनीत सहा वर्षं झाली होती, अकरा रिपोर्ट लिहून झाले होते आणि अकराच्या अकरांवर नाव होतं वॉल्टरचं, म्हणजे त्याच्या साहेबाचं. यात वॉल्टरचा काही कावा नव्हता, तिथली रीतच तशी होती. पण बाराव्या रिपोर्टच्या वेळी वॉल्टर आपण होऊन म्हणाला, "हे काम तुझं आहे, नाव तुझंच जाऊ दे." त्या दिवशी ज्ञानदेव ट्रॉय गावातल्या आपल्या घरी पोचला तो जमिनीवर पाय नसल्यासारखा. बूट काढायच्या आधी त्यानं ही बातमी बायकोला, सुजाताला, सांगून टाकली.

काम ऐकायला साधं होतं. कंपनी पिकअप ट्रक बनवायची. बाजारात जपानी पिकअप आले होते आणि वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं तिकडे वळायला लागली होती. तेव्हा वरच्या मंडळींनी ठरवलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावूच. आपले तीन ट्रक, जपानी तीन ट्रक, रस्ते तेच, ड्रायव्हर तेच, मुदत आठ महिने. जास्त भरवशाचा कोण? जपानी ट्रकचं नाव ऑफिसात कुणी घेत नसे, नुसतं 'ते' म्हणायचं. परदेशी गाड्यांना कारखान्याच्या आवारात उभं राहायची मनाई होती, म्हणून 'ते' तिघे रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत ताडपत्री पांघरून उभे असत. ज्ञानदेवला ते बघून दर वेळी कसंसंच होई. वेशीबाहेर ठेवणं म्हणजे काय, हे त्याच्या घराण्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चाचणीचा तक्ता त्यानंच आखला. त्यात सगळ्यात महत्त्वाची ओळ होती, गाडी बंद पडली असं केव्हा म्हणायचं ती. ज्ञानदेवनं लिहिलं: 'गाडी ओढून न्यावी लागली, तर ती बंद पडली असं धरावं.' वॉल्टरनं वाचलं, मान डोलावली, सही केली. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

ही व्याख्या काही त्यानं पुस्तकातून उचलली नव्हती, ती लहानपणापासून त्याच्या अंगात मुरलेली होती. त्याचे वडील कामठीला कोळशाच्या ट्रकवर आधी क्लीनर होते, मग ड्रायव्हर झाले. सुट्टीत तो त्यांच्याबरोबर जायचा. ट्रक चढावर धापा टाकून थांबला, की वडील खाली उतरायचे, एखादी तार ओढायचे, गळक्या टाकीला साबण फासायचे, विडी ओढायचे आणि पुन्हा निघायचे. दिवसातून चार-पाच वेळा हे व्हायचं. आणि संध्याकाळी घरी आल्यावर आजीनं विचारलं, की गाडी बरी चालली का, तर वडील सांगायचे, "झकास." त्याला प्रवास म्हणत, बंद पडणं म्हणत नसत.

तर आठ महिने झाले आणि आकडे आले. आपले ट्रक ओढून आणावे लागले, एकदा. जपानी ट्रक ओढून आणावे लागले, एकदा. बरोबरी! ही बरोबरी सगळ्यांनाच हवी होती. गेल्या दोन वर्षांत अर्धा मजला रिकामा झाला होता आणि दर शुक्रवारी आणखी कुणाला तरी कामावरून काढत असत. बरोबरी म्हणजे घाबरायचं कारण नाही, म्हणजे आहे तोच ट्रक पुढे चालू. सोमवारी मोठ्या साहेबांपुढे रिपोर्ट मांडायचा होता. शुक्रवारी दुपारी ज्ञानदेवनं पहिलं पान टाइप करून घेतलं, आपलं नाव तीनदा वाचलं, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

फोनवर सुजाता होती. ज्ञानदेव कारपूलनं ऑफिसला यायचा, त्यामुळे घरचा ट्रक तिच्याकडे असायचा. हो, घरीही ट्रकच होता. सहा महिन्यांपूर्वी त्यानं कर्मचाऱ्यांच्या सवलतीत कंपनीचा कोरा पिकअप घेतला होता. इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी भरपूर चेष्टा केली, "काय वाहणे, शेणखत वाहायचं काय?" पण आपण बनवतो तेच आपण चालवावं, असं त्याचं म्हणणं. ट्रकला एकच खोड होती. थंडीत इंजिनात हवा सोडणारी चोकची पट्टी अडकायची, मग इंजिन गुदमरायचं. एअर क्लीनरचं झाकण काढायचं, पट्टी पेन्सिलीनं ढकलायची, की काम झालं. त्यानं ते सुजाताला शिकवलं होतं आणि तिनं ऑक्टोबरात दोनदा केलंही होतं.

"अहो, ट्रक सिग्नलला बंद पडला," सुजाता म्हणाली. "प्रतिमाला स्कूलमधून पिकअप करून येत होते. आता समोरच्या पिझ्झावाल्याकडून फोन करते आहे."

ज्ञानदेव हसला. खरंच हसला, मनमोकळं. "अगं, पेन्सिल आहे ना डॅशबोर्डात?"

"आहे. झाकणाचा नट निघत नाही. अर्धा तास ट्राय केलं. बाहेर मायनस वीस आहे."

"बरं, थांब तिथंच. आलोच."

जायला गाडी नव्हती. तो धावत गॅरेजात गेला. तिथं एर्ल होता, तीस वर्षं चाचणीचे ट्रक चालवणारा म्हातारा ड्रायव्हर. एर्लनं काही न विचारता त्याच्या हातावर एक चावी ठेवली. "रस्त्यापलीकडचा घे," तो म्हणाला, "तो लगेच सुरू होईल." आणि ज्ञानदेव आयुष्यात पहिल्यांदा जपानी ट्रक घेऊन खासगी कामाला निघाला.

पिझ्झाच्या दुकानात सुजाता लेकीचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसली होती. प्रतिमा सहा वर्षांची. बापाला बघून ती म्हणाली, "बाबा, आय कान्ट फील माय टोज."  ज्ञानदेव तसाच बाहेर गेला, पक्कड लावून नट काढला, पट्टी ढकलली, चावी फिरवली. ट्रक एका दमात सुरू झाला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. त्याचा जीव भांड्यात पडला आणि दारात उभ्या असलेल्या सुजाताकडे बघून तो हसत म्हणाला, "बघ, काहीच झालं नव्हतं!"

 सुजातानं हात पुढे केला.

"त्याची चावी द्या."

"अगं, तो टेस्टचा ट्रक आहे. तुला अलाउड नाही."

"मी त्यात माझं मूल बसवणार नाही आता," आपल्या ट्रककडे बोट दाखवून ती म्हणाली. "तुम्ही तुमचा आणा."

कंपनीच्या कुठल्याच नियमात हे बसत नव्हतं. पण ज्ञानदेवनं चावी दिली. पुढे 'ते' आणि मागे 'आपला', अशी वरात घरी पोचली.

सुजाता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. फॉर्म दिसला की तो पुरा वाचायचा, ही तिची सवय. जपानी ट्रकच्या सीटवर चाचणीचा फॉर्म होता, चालवणाऱ्यानं भरायचा. प्रतिमाला गरम दूध देऊन, रजईत गुंडाळून ती टेबलाशी बसली आणि भरू लागली. किती मैल, किती वाजता. मग व्याख्येच्या ओळीशी येऊन थांबली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," ज्ञानदेव म्हणाला. अजूनही थोड्या अभिमानानंच.

"मग आज आमचं जे झालं, ते यात कुठल्या कॉलममध्ये जाईल?"

ज्ञानदेवनं फॉर्म हातात घेतला. ओढून न्यावं लागलं नव्हतं. म्हणजे बंद पडला नव्हता. "कुठल्याच नाही," तो म्हणाला. आणि ती ओळ पुन्हा वाचू लागला.

"खाली 'इतर शेरा' आहे," सुजाता म्हणाली. "त्यात लिहीन. पण तो कोणी वाचतं का?"

कोणी वाचत नव्हतं. तो रकाना ज्ञानदेवनं ड्रायव्हर लोकांच्या समाधानासाठी ठेवला होता. शनिवारी सकाळी तो ऑफिसात गेला, आठ महिन्यांचे फॉर्म खोक्यात भरून घरी घेऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसला. एर्लचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण एक दिवस चुकला नव्हता. 'चोक अडकला, ढकलला, दोन मिनिटं.' 'बॅटरीच्या तारेवर पाना मारला, सुरू झाला.' 'चोक.' 'चोक.' 'दार आतून उघडत नाही, खिडकीतून हात घातला.' एर्ल आणि त्याचे सोबती सगळी जुनी खोडं. ते ज्ञानदेवच्या वडिलांसारखे उतरत, ठोकत, ढकलत आणि पुढे निघत. संध्याकाळपर्यंत बेरीज झाली. आपल्या तीन ट्रकांना चालवणाऱ्यानं हात लावावा लागला सत्तेचाळीस वेळा, जपानी तिघांना आठ वेळा.

 ट्रक भरवशाचा की नाही, हे ज्ञानदेव आठ महिने ट्रक ड्रायव्हरच्या पोराच्या डोळ्यांनी बघत होता. आणि ट्रक विकत घेणारे सगळे काही ट्रक ड्रायव्हरची पोरं नव्हते.

सोमवारी आठ वाजता त्यानं नवे आकडे वॉल्टरपुढे ठेवले. वॉल्टरनं ते दोनदा वाचले, उठून दार लावलं.

"जुना रिपोर्ट खोटा नाही," वॉल्टर म्हणाला. "आपण जे ठरवलं ते मोजलं. तोच दिला तर तुला कुणी बोल लावणार नाही."

"ठरवलं ते मीच चुकीचं ठरवलं होतं."

"हे बघ, हा दिलास तर वर तुझं एकट्याचंच नाव राहील. माझ्या दोन मुली कॉलेजात आहेत. मी यात वाटेकरी होऊ शकत नाही." त्याला हे बोलताना लाज वाटत होती, ते दिसत होतं. ज्ञानदेवला त्याचा राग आला नाही. तो स्वतःच घाबरलेला होता. घराचे हप्ते होते, प्रतिमाची शाळा होती, आणि वाहणे हे नाव कुणाला उच्चारताही येत नव्हतं, तेव्हा काढून टाकायच्या यादीत ते आधी येणार होतं. पण डोळ्यांपुढे ते पाय चोळणारे हात येत होते. त्यानं नवाच रिपोर्ट उचलला.

मीटिंगला वीसेक माणसं होती. मागच्या भिंतीला टेकून एर्ल आणि दोन ड्रायव्हर उभे होते. सत्तेचाळीस आणि आठ हे आकडे ज्ञानदेवनं फळ्यावर लिहिले. मोठे साहेब, पांढऱ्या केसांचे, शांतपणे म्हणाले, "मला तर बरोबरी आहे असं सांगण्यात आलं होतं. ती व्याख्या कुणाची?"

वॉल्टर कागदाकडे बघत राहिला.

"माझी," ज्ञानदेव म्हणाला.

"आणि ही?"

"हीसुद्धा माझीच."

"मध्ये काय झालं?"

ज्ञानदेवनं सांगितलं. कामठीच्या ट्रकचं सांगितलं, साबणाचं सांगितलं, आणि शुक्रवारचंही. "माझी बायको आणि मुलगी अर्धा तास थंडीत अडकून पडल्या होत्या, आपल्याच ट्रकमुळे. माझ्या जुन्या व्याख्येप्रमाणे त्यांना काहीच झालं नव्हतं. चूक माझी होती. ड्रायव्हर रोज खरं लिहीत होते, मी वाचलं नाही."

 मोठ्या साहेबांनी रिपोर्ट मागून घेतला, पहिल्या पानावरचं नाव वाचायचा प्रयत्न केला, चुकले, पुन्हा वाचलं आणि या वेळी बरोबर वाचलं. "चोकपासून सुरुवात करा," ते म्हणाले. "तुम्हीच करा." बस्स, एवढंच. मीटिंग संपली. जाताना एर्लनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

पाच वाजता ज्ञानदेव घरी आला तेव्हा सुजाता कणीक मळत होती. त्यानं ओट्याला टेकून सगळी हकिगत सांगितली, हातवारे करून, साहेबाची नक्कल करून. नोकरी राहिली होती, नाव राहिलं होतं आणि मान ताठ होती. 

"म्हणजे वीस जणांसमोर सांगितलंत, की माझी मिस्टेक झाली?"

"हो! सरळ सांगितलं."

"चांगलं केलंत," ती म्हणाली आणि कणकेवर ओलं फडकं टाकलं. "मला नाही सांगितलंत अजून."

 शुक्रवारपासून ज्ञानदेव व्याख्येबद्दल बोलला होता, आकड्यांबद्दल बोलला होता, वॉल्टरशी, साहेबांशी, स्वतःशीसुद्धा. सुजाताशी त्या दुपारबद्दल तो जे शेवटचं बोलला होता, ते पिझ्झाच्या दुकानाबाहेर, हसत. त्याची मान आपोआप खाली गेली.

"चुकलो मी, सुजाता," तो म्हणाला. "तुम्ही दोघी गारठत होत्या आणि मी फोनवर हसलो. मग तिथं येऊन पुन्हा हसलो."

तिनं हात धुतले. नळ चालूच ठेवून ती क्षणभर पाठमोरी उभी राहिली, आणि वळली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"तो नट निघत नव्हता ना," ती म्हणाली, "तर मला वाटत होतं, मलाच जमत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे. पूर्ण अर्धा तास मला तेच वाटत होतं."

ज्ञानदेवनं पुढे होऊन नळ बंद केला. सांगण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं, नट थंडीत का आखडतो वगैरे. त्यातलं त्यानं काही सांगितलं नाही. तिचे ओले हात त्यानं आपल्या हातात घेतले आणि ती बोलत राहिली तोवर तो ऐकत राहिला.