भुयारातली पितळी घंटी

"तुमची संपदा आज सर्कलमधून सायकल हाणत गेली हो! दोन ट्रकांच्या मधून! माझ्या तर काळजाचं पाणी झालं," असं शेजारच्या वत्सलाबाई सांगून गेल्या आणि लतिकाच्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं.

हायवेवरचं तेच सर्कल. दोन वर्षांपूर्वी, २००१च्या डिसेंबरात, देवळ्याकडून कांदा घेऊन आलेल्या ट्रकने तिच्या नवऱ्याला, विश्वेशला, तिथंच उडवलं होतं. जीव वाचला, पण पायात सळई बसली ती बसलीच. तेव्हापासून लतिकाने त्या सर्कलवर पाऊल ठेवलं नव्हतं. संपदाचा बारावीचा क्लास नेमका हायवेपलीकडे. सायकल देताना लतिकाने शपथच घेतली होती तिच्याकडून: जायचं ते खालच्या भुयारी रस्त्याने. भुयार पायी चालणाऱ्यांसाठी होतं, सायकलींना मनाई असल्याची पाटीसुद्धा होती; पण पाटी वाचून कोण खाली उतरतंय? सगळे उतारावरून सायकली सोडायचे. मध्ये एक वळण होतं, तिथं समोरचा माणूस दिसत नसे. म्हणून लतिकाने स्वतः मेन रोडला जाऊन मोठी पितळी घंटी आणून बसवली. अशी दणदणीत, की लांबूनच लोकांनी बाजूला व्हावं.

आणि एवढं सगळं करून ही बया वरून जाते!

"माझी शपथ मोडलीस? बाबांचा पाय बघतेस ना रोज?" संपदा घरात शिरल्या शिरल्या लतिका कडाडली.

"खाली अंधार असतो," संपदा एवढंच म्हणाली.

"अंधार! सतरा वर्षांची घोडी झालीस आणि अंधाराला घाबरतेस? आण ती किल्ली इकडे. सायकल बंद. क्लाससुद्धा बंद!"

पोरगी रडली नाही, भांडली नाही. किल्ली टेबलावर ठेवून आत निघून गेली. लतिकाला तेच खुपलं. एरवी एका शब्दाला चार शब्द ऐकवणारी पोर ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजताच लतिकाने सायकल बाहेर काढली. असा कुठला अंधार लागून गेलाय, एकदा बघूनच येते म्हणाली. जानेवारीची थंडी मी म्हणत होती. तिने पंजाबी ड्रेसवर लेकीचा स्वेटर चढवला, लेकीचाच स्कार्फ तोंडाला गुंडाळला आणि निघाली.

भुयाराच्या तोंडाशी एक ट्यूब कशीबशी लुकलुकत होती. पुढच्या सगळ्या फुटलेल्या. लतिकाने घंटी मारली. भुयार दणाणलं.

वळणापलीकडून कोणीतरी शीळ घातली.

असेल कोणी रिकामटेकडा, असं म्हणत तिने पुन्हा घंटी मारली. पुन्हा शीळ. या वेळी जवळून. तिने ब्रेक दाबले, पण उतारावर सायकल थांबते कुठली? वळणावर अंधारातून एक हात आला आणि त्याने हँडल गच्च धरलं.

"आठ दिवस कुठं होतीस गं? घंटीकडे कान लावून बसलो होतो मी रोज."

लतिकाने स्कार्फ खाली ओढला.

मागून येणाऱ्या ट्यूबच्या उजेडात दिसला तो तिशीचा माणूस. स्वच्छ स्वेटर, खांद्याला डब्याची पिशवी. कोणाच्याही शेजारी राहत असेल असा. तो चपापला.

"सॉरी काकू. मला वाटलं..."

लतिकाचा अंगठा घंटीवरच होता. तिने घंटी दाबली आणि दाबतच राहिली. वरून लोक ओरडायला लागले, कोणीतरी धावत खाली आलं. तोवर तो पलीकडच्या चढावरून पसार झाला होता.

लतिका भिंतीला टेकली. ही घंटी तिनेच बसवली होती. रोज सकाळी माझी पोर येतेय म्हणून ती घंटीच त्या मेल्याला कळवत होती.

घरी आली तेव्हा संपदा ओट्याशी उभी होती. आईचा चेहरा आणि गळ्यातला स्कार्फ बघून तिला काय ते कळलं.

"कधीपासून?" लतिकाने विचारलं.

"दिवाळीपासून."

"अगं, मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू सायकल बंद केली असतीस. क्लासही." संपदा ओट्याकडे बघत म्हणाली. "वरून जायची पण भीती वाटते गं आई. पण ट्रकवाले निदान हॉर्न तरी देतात."

काल लतिकाने दुसरं काय केलं होतं?

तिने किल्ली लेकीच्या हातात ठेवली. "आवर. क्लासला उशीर होईल. तुला सोडते आणि तशीच पोलीस चौकीत जाते. त्याचं थोबाड चांगलं लक्षात आहे माझ्या."

सर्कलवर ट्रकांची रांग फिरत होती. संपदाने सायकल हातात धरली होती, दुसऱ्या बाजूने लतिका. लतिकाचे पाय पुढे पडायलाच तयार नव्हते.

"आई, राहू दे. मी जाते एकटी."

"गप्प बस," लतिका म्हणाली. तिने एक हात समोरून येणाऱ्या ट्रकला दाखवला, दुसऱ्या हाताने घंटी वाजती ठेवली आणि रस्त्यावर पाऊल टाकलं.