पाचव्या तबकडीची जागा

चिंतामण वकिलांनी अकोल्यात जठारपेठेतल्या सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली, आत लाल मखमल लावली, तेव्हा त्यांच्या बायकोने, कुंदाने, कपाळावर हात मारून घेतला. एवढा थाट कशासाठी, तर 'बोंबल्या पार्टी'च्या गाण्यांच्या पाच तबकड्यांसाठी! अमरावतीला कॉलेजात असताना वकील आणि त्यांचे मित्र वऱ्हाडी गाणी गायचे. सूर बेताचा, जोर भलता. म्हणून लोकांनीच हे नाव पाडलेलं. तरी मुंबईच्या एका कंपनीने त्यांची गाणी एकेक करून काढली. पुढे सगळे पोटापाण्याला लागले आणि पार्टी मोडली.

त्यातला ढोलकीवाला सहदेव गेल्या वर्षी विषमज्वराने गेला. त्याची आई पार्बताबाई अमरावतीत भाजी विकायच्या. आता डोळे गेल्याने घरीच असत. "एकदा त्याचा आवाज ऐकव, बाप्पा," एवढंच त्यांनी मागितलं आणि वकिलांनी शब्द दिला. चार तबकड्या मिळाल्या, पण त्यांत सहदेवची नुसती ढोलकी. तो गायला होता फक्त पाचवीत. तिच्यासाठी वकिलांनी अकोल्याची दुकानं पालथी घातली; कंपनीनेही हात वर केले. सगळ्या जगाला विचारलं, आईला विचारायचं राहिलं. वकिलीची अक्कल ती एवढीच! शेवटी बाईंनीच निरोप धाडला, ती तबकडी माझ्यापाशीच आहे. वकिलांचा जीव भांड्यात पडला. पेटी आणि चावीचा ग्रामोफोन घेऊन त्यांनी अमरावती गाठली.

"सहदेवनंच देल्ली होती," पार्बताबाई म्हणाल्या. "त्याचा आवाज हाय ना आत, म्हनून देवापाशी ठेवली."

वकिलांनी देव्हाऱ्यात पाहिलं. तबकडी आडवी ठेवलेली, तिच्यावर निरांजन. ते रोज तिच्यावरच लागत होतं. तबकडी लाखेची, घर टिनाचं, उन्हाळा वऱ्हाडचा. मधोमध खचून तिची पार परात झाली होती.

"चांगली हाय ना?"

"हो, मावशी."

खरं सांगायची छाती झाली नाही. त्यांनी ती ग्रामोफोनवर चढवली. सुई खरखरली, उडाली, बाजूला घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच.

"काय झालं?"

"सुई बदलतो, मावशी."

निदान ढोलकी तरी ऐकवू, ही सहदेवची म्हणून सांगू, असं ठरवून त्यांनी पेटीतली दुसरी तबकडी लावली. पण ते तोंड उघडायच्या आत गाणं सुरू झालं. खुद्द चिंतामणचा, विशीतला आवाज.

पार्बताबाई पुढे सरकल्या. चेहरा उजळला.

"माहा सहदेव!" त्या म्हणाल्या. "माहा सहदेव गाऊन राहिला!"

यंत्रातला तो चिरका आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा वाटणारच कसा? नाही म्हणावं तर ही बाई दुसऱ्यांदा लेक गमावणार. गाणं संपलं. "आखीन लाव," त्या म्हणाल्या. वकिलांनी पुन्हा चावी दिली.

"अन् तू रे? तू कुठी गाऊन राहिला याच्यात?"

"मी नाही गायलो, मावशी. मी हार्मोनियमवर होतो."

आता मात्र हुंदका दाबता येईना. बाईंनी चाचपत त्यांचा हात धरला.

"रडू नोको, बाप्पा," त्या समजावू लागल्या. "चूप बस, अन् आपल्या सहदेवले आयक."