पांढरी ओढणी

चंदीगडला बदली होऊन आम्हाला दोनच महिने झाले होते. तपासायला पुरुष डॉक्टर आहेत, हे यांनी मला हॉस्पिटलच्या दारात सांगितलं आणि स्वतः बाहेर पेपर उघडून बसले. मला इतका राग आला की रडूसुद्धा येईना.

आत पडद्यामागे एक म्हातारी स्टुलावर बसली होती. पांढरी सलवार-कमीज, डोक्यावर पांढरी ओढणी. नर्स असणार, असं वाटून जरा धीर आला. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, "माताजी थांबतील ना?" इकडे नर्सला माताजी म्हणतात की काय, मला कळेना. मी आपलं हो म्हटलं.

तपासणी होईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. चादर सरकली तेव्हा तिनेच ती पायांवर ओढली.

डॉक्टर हात धुवायला गेले. साडी सावरत मी म्हटलं, "थँक्यू, सिस्टर."

ती गोंधळून बघत राहिली. "सिस्टर कुठली? मी पिंजौरहून आले. नवरा गेल्यापासून पांढरंच घालते. तुझ्यानंतर माझा नंबर."

म्हणजे डॉक्टरांना ती माझी सासू वाटली होती. बाहेरून यांची हाक आली, बस चुकेल म्हणून. मी चपला घालायला वाकले, तेवढ्यात तिने माझा पदर धरला.

"आता तू बस, बेटी. माझ्याबरोबर कोणी नाही."

"बस जाऊ द्या," मी पडद्यामागून यांना सांगितलं आणि स्टूल पुढे ओढलं.