येळवशीला आपापलं ताट

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, किल्लारी गाव ओस पडायचं आणि शिवार भरायचं. हिरव्या ज्वारीत कडब्याची खोप, खोपीत चुना लावलेले दगडाचे पांडव. माझी आई तारामती डोक्यावर आंबिलीची बिंदगी घेऊन पुढं चालायची आणि चालता चालता गायची,

काळीच्या गं ओटी, घालू ज्वारीचं कणीस
आंबिलीचा घोट, आधी देऊ धरणीस

जेवणं झाली की पळसाच्या उष्ट्या पत्रावळी बायका तासात, म्हणजे नांगराच्या सरीत, पुरायच्या. त्याचं खत व्हायचं. उष्टं पान म्हणजे काळीचा घास.

भूकंपानंतर गाव नव्या जागी गेलं, पळस मागं राहिला. लातूरला क्लासेसचं पेव फुटलं, मीही शिकायला तिथं गेले. मग माझे चुलते शेषेरावकाका माझ्या क्लासच्या पोरापोरींनाही येळवशीला बोलवायला लागले. थर्माकोलच्या ताटल्या, प्लॅस्टिकचे पेले पोत्यानं यायचे. जेवणं झाली की आई तेही तासातच पुरायची, तिच्या आईनं पानं पुरली तशी.

मृगात कुळव फिरला आणि पेले वर आले. पांढरेशुभ्र, काल ठेवल्यासारखे. त्या पट्ट्यात मूग उगवलाच नाही.

आई बांधावर बसून राहिली. "काळीच्या पोटात म्या काय घातलं गं बाई!"

पुढच्या येळवशीला तिनं घरोघर आवतन दिलं, "जेवाया या. पण आपापलं ताट-तांब्या घेऊन या."

काका भडकले. "वहिनी, येड लागलं का तुमाला? पाव्हण्याला ताट आण म्हणायचं? कुत्रं यायचं न्हाई खोपीवर!"

त्यांच्या रागाची मुळी खोल होती. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहायचो तेव्हा सगळं गाव ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. ज्यांच्या ओसरीवर पाव्हण्याची पंगत उठायची, ती माणसं मान खाली घालून खिचडी घ्यायची. तेव्हापासून 'ताट घेऊन या' हे शब्द आमच्या गावात कुणी काढत नव्हतं.

"कुणीच आलं न्हाई तर?" मी आईला विचारलं.

"तर माझी येळवस मोडली म्हनायचं. पर काळीला पुन्यांदा इख घालणार न्हाई." असं म्हणाली आणि ज्वारीच्या पिठाचे उंडे वळायला बसली.

पूजा झाली. ऊन चढलं. शेजारच्या खोपीतून हसणं ऐकू यायचं, आमच्याकडं चिटपाखरू नाही. मग गावातली मल्लम्माआजी आली, हात पदराखाली धरून. मागोमाग आणखी काही जण. कुणाची शाल फुगलेली, कुणाचा पदर. सगळे बसले, पण ताट कुणी काढेना. एकमेकांकडं बघेनात.

"वाढा की वहिनी," काका खोपीतूनच म्हणाले, "वाढा ह्यांच्या हातावर!"

तेवढ्यात रस्त्यावर खणखणाट झाला. जीपमधून, मी तेच आवतन दिलेली, माझ्या क्लासची पोरं उतरली, ताटावर चमचे बडवत. मेसच्या रांगेत रोज असंच उभं राहणारी ती पोरं, त्यांना कसली आलीय लाज! उदगीरची लायबा सगळ्यांच्या पुढं.

"काकू, ताट आणलं, तांब्या आणला, भूक तर लई आणली! वाढा!"

मल्लम्माआजी दचकली. त्या पोरीकडं बघत राहिली. मग हळूच पदराखालचं ताट काढलं आणि बोटानं टणकन वाजवलं.

"ए पोरी, म्हातारीला आधी. रांगेत ये माझ्या मागं!"

कुणीतरी हसलं. शालीखालून, पदराखालून ताटं निघाली, उन्हात लखलखली. आईनं पालेभाज्या-दाण्यांच्या पातळ भज्जीची पळी अशी घाईनं उचलली की निम्मी मातीत सांडली.

पंगत निम्म्यावर आली तसे काका तरातरा रस्त्याकडं गेले. मला वाटलं, रुसून चालले. बघते तर औशाकडं जाणारी जीप अडवून एका म्हाताऱ्या प्रवाशाचा हात धरून त्याला खाली ओढत होते.

"ताट न्हाई तर न्हाई! येळवशीला वाटसरू उपाशी जात नसतो आमच्या शिवारातनं!" आणि आमच्याकडं वळून ओरडले, "वहिनी, ताटं धुवाया घ्या! जीप भरून पाव्हणे आले!"

माझं ताट अजून निम्मं भरलेलं होतं. ते मोकळं करायला मी भराभर जेवू लागले.