काकासाहेबांच्या घरचं सूत्र

आमच्या टेंभुर्णीत एखादी गोष्ट फुटली की लोकं आधी चहाच्या हॉटेलात संशय घेतेत, मंग पानटपरीवर, मंग सलूनमधी. बाईमाणसाकडं कोणी बघतच न्हाई. माझं निम्मं काम याच्यावरच चालतं.

मी मोनाली. जालन्याच्या एका पेपरला इथून बातम्या देते, खेळाच्या जास्त. लग्नाआधी कबड्डी खेळलेली हाय, त्याच्यामुळं हातही चालतो आन् तोंडही. आमचे हे, पप्पू, म्हणतेत, "तुझ्याशी भांडायचं म्हणजे पंच बोलावून आणावा लागतो." मी म्हणते, आणा की, निकाल काय बदलणार हाय का?

तर झालं असं. गावातल्या रणझुंजार क्रीडा मंडळाचा मुलींचा कबड्डी संघ राज्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. तिथं क्रीडा वसतिगृहासाठी पोरी निवडायला माणसं येणार होती. एकदा निवड झाली की राहणं, खाणं, शिकणं, खेळणं, सगळं तिथंच. वयाच्या अटीत बसायला आमच्या सुमेधाला औंदाचंच साल शिल्लक होतं. ही पोरगी चढाईला गेली की समोरच्या सातजणींना घाम फुटतो, खोटं न्हाई सांगत. तिची माय कांताबाई रोज टेंपोत बसून एमआयडीसीत बियाणांच्या कंपनीत कामाला जाते, आन् संध्याकाळी घरी जायच्या आधी मैदानाच्या कडंला थांबून लेकीचा खेळ बघते.

आन् ऐन वेळेला मंडळाची प्रेसनोट माझ्या मोबाईलवर आली. 'गुडघ्याच्या दुखापतीमुळे सुमेधा संघाबाहेर. तिच्या जागी तृप्तीची निवड.' तृप्ती कोण? तर मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब यांची लेक! वाचलं आन् डोकंच सटकलं माझं. पण डोकं सटकलं म्हणून बातमी होत न्हाई.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांच्याच घरी संक्रांतीचं हळदी-कुंकू होतं. त्यांच्या मालकीण सगुणाबाई हौशी, अर्धं गाव बोलावलेलं. बैठकीत उखाण्यांचा नुसता गलका चालू होता. तेवढ्यात तृप्ती आली, "वहिनी, तुमचं वाण राह्यलं, जरा मागं या." मागं धुण्याच्या दगडापाशी नेलं आन् हळूच म्हणली,

"सुमेधाच्या गुडघ्याला काय बी झालं न्हाई. डॉक्टर आल्ताच न्हाई. आमचे आबाच फोनवर बोलून राह्यले होते, मी या कानानं ऐकलं. 'गुडघा लिहून टाका, कोण बघायला येतंय.'"

"अगं, पण तिच्या जागी तुलाच घेतलं ना?"

"म्हणून तर सांगून राह्यले. तिची जर्सी अंगात घातली की कसंतरीच होतंय मला. पर वहिनी, माझं नाव निघालं तर आबा मला मामाकडं धाडून देतील. मंग माझी कबड्डी कायमची बंद."

"नाव निघणार न्हाई," मी म्हणले. "मेले तरी न्हाई."

हे सगळं आज सांगून राह्यले कारण तिनंच परवानगी दिली हाय. तेव्हा घरात पप्पूला सुद्धा सांगितलं नव्हतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई.

एकीच्या सांगण्यावर छापायचं न्हाई, म्हणून तशीच सुमेधाच्या वस्तीत गेले. बघते तर काय, जिचा गुडघा निकामी म्हणे, ती दोन भरले हंडे घेऊन चढ चढून राह्यली होती, ते पण पळत. कांताबाई म्हणली, "आम्ही कोणाला सांगावं ताई? मंडळ म्हणतंय पोरगी लालचेपायी दुखणं लपवती." मंग काकासाहेबांना फोन लावला. कोण्या डॉक्टरनं तपासलं, एवढंच विचारलं. "तपासलं एकानं," म्हणले आन् फोन कट. बास! बातमी पाठवली. 'सुमेधाला दुखापतच नाही. मंडळाच्या निकटच्या सूत्रांची माहिती.'

गावात नुसता कालवा झाला. काकासाहेब सूत्र शोधायला निघाले. प्रशिक्षक बुद्धभूषण सरांना झाडलं, शिपायाला झाडलं, सलूनवाल्या रामकिसनकडं दाढी करणं बंद केलं. निम्म्या गावावर संशय घेऊन झाला, पर स्वतःच्या घराकडं नजर गेली न्हाई. शेवटी मला घरी बोलावलं.

"सूनबाई, सरळ हिशोब हाय," काकासाहेब म्हणले. "तुमच्या सूत्राचं नाव सांगा, उद्या सुमेधा संघात. न्हाई सांगितलं तर गाडी तिच्याबिगर जाईल."

आन् त्याच वेळेला तृप्ती चहा घेऊन आली. हातातली कपबशी खडखड वाजून राह्यली होती. काकासाहेबांना वाटलं पोरगी थंडीनं कापती. "स्वेटर घाल गं," म्हणले तिला. मी घाईघाईत चहा प्यायले, जीभ पोळली.

"नाव मिळणार न्हाई, काकासाहेब. पोरीला चढाईला उतरवा, खरं-खोटं तिथंच कळंल."

"आन् दुखापत वाढली तर जबाबदार कोण? तुम्ही?"

"हो, मी! लिहून देऊ?"

ते हसले नुसते. मी स्कूटी काढली आन् रस्ताभर रडत आले. राग, दुसरं काय! माझ्या तोंडातून एक नाव निघालं असतं तर सुमेधा गाडीत बसली असती, आन् तेच नाव मला गिळून बसायचं होतं.

संध्याकाळी कांताबाई घरी आली. तिला सौद्याचं कळलं होतं. उंबऱ्यातच उभी राह्यली.

"ताई, सांगून टाका ना नाव. हात जोडते. माझ्या पोरीला पुन्हा साल न्हाई मिळणार."

मी मान खाली घातली. ती माझ्याकडं बघत राह्यली, मंग आवाज खाली घेऊन विचारलं, "नाव सांगितलं तर दुसऱ्या कोणाचं लेकरू अडकंल का?"

"हो."

"मंग नका सांगू," कांताबाई म्हणली आन् डोळे पुसून निघून गेली. त्या बाईसमोर मी स्वतःला लय लहान वाटले.

निघायच्या आदल्या दिवशी मैदानावर संघाचा निरोप समारंभ होता. मंडप, माईक, फ्लेक्स, सगळा थाट. आधी सत्कार, मंग पोरींचा सराव सामना. काकासाहेबांनी माईक धरला आन् गाडी घसरली सूत्रावरच.

"काही लोकं आडून दगड मारून राह्यले! मी साऱ्या गावासमोर शब्द देतो. तो सूत्र मिशीवाला असंल तर त्यानं इथं येऊन उभं राहावं. आला, तर सुमेधा आत्ताच्या आत्ता संघात! काकासाहेबाचा शब्द हाय हा!"

लोकं एकमेकाच्या मिश्या बघायला लागले. रामकिसननं बिचाऱ्यानं आपल्या मिशीवर हात धरला. मी उठलेच होते, माईक ओढून घ्यायला. तेवढ्यात सुमेधाची सात नंबरची जर्सी घातलेली तृप्ती रांगेतून बाहेर पडली. माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे तुम्ही बसा. सरळ मंचावर गेली आन् बापाच्या हातातल्या माईकजवळ तोंड नेऊन म्हणली,

"आबा, मला मिशी न्हाई. पर सूत्र मीच हाय."

काकासाहेबांचा चेहरा उतरला. "तू? घरी चल आधी," एवढंच फुटलं तोंडातून, ते बी माईकवर.

तशी बायांच्या गर्दीतून सगुणाबाई उठल्या. जन्मात कधी चारचौघांत बोललेल्या न्हाईत, पर त्या दिवशी आवाज असा काढला की माईकची गरजच पडली न्हाई. "घरी कशापायी? शब्द दिला ना तुम्ही? साऱ्या गावानं ऐकला. आता पाळा!"

आगं माय, काय टाळ्या पडल्या! आधी बायांच्या, मंग सगळ्यांच्या. तृप्तीनं टी-शर्टवरची जर्सी काढली आन् सुमेधाच्या हातात दिली. "घे, तुझीच हाय."

काकासाहेब मटकन खुर्चीत बसले. हो म्हणले न्हाईत, पर न्हाई बी म्हणता येईना. बुद्धभूषण सरांनी शिट्टी वाजवली.

सुमेधा चढाईला गेली. पहिली पोरगी हात लावून बाद, दुसरी पाय लावून. मंग चौघींनी मिळून धरलं तिला, कंबर धरली, त्याच गुडघ्याला मिठी मारली. आता गेली म्हणून मी डोळेच मिटले. उघडले तर पोरगी चौघींना फरफटत ओढत आणून राह्यली होती, तोंडात कबड्डी-कबड्डी चालूच, आन् बोटं मधल्या रेषेच्या पार! कांताबाई किंचाळली, "बघा, बघा माझ्या लेकीचा गुडघा!" पप्पूनं शिट्टी मारली. मी तर रडत बी होते आन् शिव्या बी देत होते, आनंदाच्या.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. सुमेधा संघात, तृप्ती राखीव, दोघी एकाच सीटवर. मामाचं नाव कोणी काढलं न्हाई. सगुणाबाईंनी काढू दिलं न्हाई, असं ऐकून हाय.

चार दिवसांनी कांताबाईचा फोन आला. कंपनीतल्या मशिनींच्या आवाजात ओरडून राह्यली होती, "झाली ताई! वसतिगृहात निवड झाली माझ्या सुमेधाची!" मी तिथंच रस्त्यात स्कूटी थांबवली आन् एकटीच नाचले.

बातमी लिहायला बसले तेव्हा तृप्तीला फोन केला. "आता तरी नाव टाकू का?"

"टाका वहिनी. पूर्ण टाका."

दोघींचा फोटो छापून आला, खाली तृप्तीचं नाव बापाच्या नावासकट. सकाळी दार वाजलं. बघते तर काकासाहेब, हातात आमचा पेपर. मी पदर खोचला. म्हणलं, आता होऊनच जाऊ द्या.

ते खाली बघत म्हणले, "सूनबाई, याचे अजून धा-बारा अंक मिळतील का? पाव्हण्यांना पाठवायचे हायेत. लेक चांगली आली फोटोत."